गाडीकडे पाठ नको

देवासला एबी रोडवर सकाळी रिक्षा काढणाऱ्यांना चिंतामणी भावसार हे नाव माहीत नसेल, पण माणूस माहीत आहे. रस्त्याच्या उलट्या बाजूनं, अगदी कडेकडेनं, सायकलवर ताठ बसून समोरून येणारे एक वयस्कर गृहस्थ. पँट चेनमध्ये अडकू नये म्हणून घोट्याला रबर. नजर समोरच्या ड्रायव्हरवर अशी रोखलेली, की त्या बिचाऱ्याला वाटावं आपलंच काहीतरी चुकलं.

"ओ बाबूजी, राँग साइड!"

"तेरा मुंह देख के चल रहा हूँ, भिया. तू मेरा देख."

"मेरा मुंह देखने लायक है क्या?"

"नहीं है, इसीलिए तो फटाफट निकल रहा हूँ."

रिक्षावाला हसत पुढे, दादा गंभीर चेहऱ्यानं पुढे.

आम्ही त्यांना दादा म्हणायचो. आमचं आणि त्यांचं घर एका भिंतीचं. दादा आणि माईंना मूल नव्हतं. आमची आई गेली तेव्हा उर्वी, माझी धाकटी बहीण, सहा वर्षांची होती. बाबा बदनावरला एका धान्याच्या गोदामावर सुपरवायझर, ते रविवारी यायचे. त्यामुळे सोमवार ते शनिवार आम्ही दोघी जवळजवळ दादा-माईंच्याच होतो. उर्वीच्या वेण्या माईंनी घातल्या आणि तिला सायकल दादांनी शिकवली.

सायकल आणि त्याबरोबर तो नियम.

नियम कुठून आला ते सांगायला हवं. दादा चौऱ्याऐंशी साली धरणगावहून देवासला आले, गिअर बनवणाऱ्या एका कारखान्यात फिटर म्हणून. तिथं गणोजी नावाचा त्यांचा जोडीदार होता. पहिल्याच वर्षी एके दिवशी गणोजी सुट्या भागांचा ट्रे घेऊन शॉपमधून, म्हणजे यंत्रांच्या विभागातून, चालला होता आणि मागून फोर्कलिफ्ट आली. प्रेसच्या धडधडाटात त्याला हॉर्न ऐकू गेला नाही. दादा दहा पावलांवर होते. ते ओरडले. गणोजीनं वळून पाहिलंच नाही.

"त्याची पाठ होती गं गाडीकडे," दादा सांगायचे. "तोंड असतं तर एक पाऊल बाजूला झाला असता. एक पाऊल."

त्यानंतर दादांनी मॅनेजरच्या मागे लागून शॉपमध्ये पिवळे पट्टे मारून घेतले. चालणाऱ्यानं नेहमी अशा बाजूनं चालायचं, की फोर्कलिफ्ट समोरून येईल. गाडीकडे पाठ करायची नाही. दादा सेफ्टी कमिटीवर आले ते निवृत्त होईपर्यंत राहिले. त्या पट्ट्यांमध्ये पुन्हा कोणी मेलं नाही. हे खरं आहे, आणि या एका गोष्टीचा त्यांना अभिमान होता. फाटकातून बाहेर पडताना तोच नियम ते सोबत घेऊन आले, एबी रोडवर.

लोक वेळ वाचवायला उलटे येतात. दादा उलटं यायला वेळ घालवायचे. आमची कॉलनी आणि कारखाना रस्त्याच्या एकाच अंगाला. जाताना सरळ डावीकडून गेलं की पोहोचलं. पण दादा घरून निघाले की आधी रस्ता ओलांडून पलीकडे जायचे, तिकडून समोरच्या गाड्या बघत बघत कारखान्यापर्यंत, आणि तिथं पुन्हा ओलांडून इकडे. चौतीस वर्षं. अंगावर एक ओरखडा नाही.

उर्वीची शिकवणी कॉलनीच्या मैदानात झाली. ती अकराची होती. दादा हातात शिट्टी घेऊन उभे.

"कुठं बघायचं?"

"डोळ्यांत."

"कोणाच्या?"

"ड्रायव्हरच्या."

"का?"

"त्याचे डोळे मला दिसले म्हणजे मी त्याला दिसले."

"आणि डोळे दिसले नाहीत तर?"

"उतरायचं. दादा, आता चालवू?"

"नियम म्हण आधी."

"गाडीकडे पाठ नको, गाडीकडे पाठ नको! माई, बघा ना, हे चालवूच देत नाहीत!"

माई ओट्यावरून म्हणायच्या, "अहो, पोरीला सायकल शिकवताय की मुंज लावताय?"

मीही तशीच शिकले होते. पुढे इंदूरला शिकायला गेले, स्कूटी घेतली, लायसन्सची परीक्षा दिली. तिथं कळलं, की उजवीकडून समोर बघत चालायचं ते पायी जाणाऱ्यानं, फुटपाथ नसेल तिथं. सायकल ही गाडी आहे. ती डावीकडूनच, सगळ्यांबरोबर. सुट्टीत आले तेव्हा दादांना म्हटलं, "दादा, एक दिवस तुमचं चालान फाडतील बरं."

"फाडू दे, अवंती. हाड मोडण्यापेक्षा चालान स्वस्त."

मी हसले. विषय संपला. नीट बसून, समजावून, उर्वीसमोर मी हे बोलले नाही. कोण वाद घालणार, असं वाटलं. त्याबद्दल आता मला स्वतःला माफ करता येत नाही.

मी शिकून देवासला परतले होते. उर्वी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असतानाच तिला सोयाबीन तेलाच्या एका कारखान्यात, लॅबमध्ये, ट्रेनी म्हणून घेतलं. सकाळची शिफ्ट. सायकलनं पंचवीस मिनिटं. पहिल्या दिवशी निघताना दादांनी तिच्या टायरमधली हवा अंगठ्यानं दाबून पाहिली.

"दादा, ब्रेक पण चेक करा, नाहीतर मला कामावर गेल्यासारखंच वाटणार नाही."

"केले. लाइट?"

"आहे."

"जा. डोळे उघडे."

दादांच्या काळातला एबी रोड आता राहिला नव्हता. तेव्हा कडेला मातीची पट्टी होती, ट्रक दिसला की दादा खाली उतरायचे. कडेनं नुसती शेतं, बाजूनं काही यायचं नाही. आता तिथं शोरूम, हॉटेलं, पेट्रोल पंप, आणि दर पन्नास पावलांवर एक गल्ली. दादा निवृत्त झाल्यापासून सकाळचे फक्त दूध आणि भाजीपुरते त्या रस्त्यावर जायचे. रस्ता बदललेला त्यांनी पाहिला होता. नियमाकडे पुन्हा पाहिलं नव्हतं.

फेब्रुवारीत, एका गुरुवारी, फर्निचरच्या एका दुकानाशेजारच्या गल्लीतून एक पांढरी गाडी बाहेर आली. तिला डावीकडे वळायचं होतं. चालवणाऱ्यानं उजवीकडे पाहिलं, कारण गाड्या उजवीकडून येतात. रस्ता मोकळा होता. त्यानं गाडी काढली. उर्वी डावीकडून येत होती.

"मान दिसली, ताई," हॉस्पिटलमध्ये ती मला म्हणाली. उजवा हात खांद्यापासून प्लास्टरमध्ये. "मी डोळे शोधत होते ना, तर त्याची मान दिसली. आणि कान. डोळे नाही म्हणजे उतरायचं. पण उतरायला टाइमच नव्हता गं."

दादा पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. त्यांनी ऐकलं. मला माहीत आहे, कारण त्यांनी पलंगाची दांडी धरली, आणि माई "बसा, अहो बसा" म्हणेपर्यंत सोडली नाही.

कोपराचं हाड तीन ठिकाणी मोडलं होतं. ऑपरेशन झालं, प्लेट बसवली. गाडी चालवणारा राजवीर नावाचा मुलगा होता, पंचविशीचा. त्यानंच तिला उचलून हॉस्पिटलला आणलं होतं, आणि रोज संध्याकाळी येऊन दाराशी उभा राहायचा. बाबा बदनावरहून आले ते तापलेलेच. त्यांना पोलिसांत जायचं होतं.

बारा दिवसांनी आम्ही चौकीत बसलो होतो. बाबा, उर्वी, मी, दादा, समोर राजवीर. हवालदार मधल्या वयाचा, आवाजाला चढा पण माणूस वाईट नव्हता.

"हाँ भाई, बोल."

राजवीर म्हणाला, "सर, मैंने राइट में देखा था. ट्रैफिक तो राइट से ही आता है ना. ये एकदम लेफ्ट से आईं. मैं इलाज से मना नहीं कर रहा, सर."

बाबा भडकले. "देखा नहीं मतलब? इतनी बड़ी लड़की नहीं दिखी तेरे को?"

"एक मिनट, भाई साब." हवालदार उर्वीकडे वळला. "बिटिया, राँग साइड से आ रही थी?"

"हाँ."

"उस दिन ही, कि रोज़?"

"रोज़."

बाबांनी मान वळवली. दादांची सवय त्यांना ऐकून माहीत होती. म्हाताऱ्या माणसाचा हेका म्हणून ते हसायचेही. आपल्या मुली त्याच नियमानं मोठ्या झाल्या, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. आठवड्यातून एक दिवस घरी असलेल्या माणसाला काय काय ठाऊक असणार?

"ऐसा किसने सिखाया तेरे को?" हवालदारानं विचारलं.

उर्वीनं दादांकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. त्यात तक्रार नव्हती. शाळेत बाईंनी काही विचारलं की आपल्या माणसाकडे पाहतात ना, तसं.

दादांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसायला लागले.

मीही बोलले नाही. दादा बोलतील, त्यांच्या तोंडून यायला हवं, असं मनात धरून थांबले. पंखा फिरत होता. बाहेर कोणीतरी मोटरसायकलला किक मारत होतं, ती लागत नव्हती. दादा काच पुसत होते.

"किसी ने नहीं," उर्वी म्हणाली. "ऐसे ही. जल्दी पहुँचने के लिए."

"ऐसे ही?" बाबा मराठीत ओरडले. "पदवी घेतेस आणि रस्त्यावर चालायची अक्कल नाही? अन् मी इथं त्याची कॉलर धरायला निघालो होतो!"

कागद झाला. आपसात मिटलं, कारवाई नको, उपचाराला राजवीर मदत करणार, आणि सायकलस्वार विरुद्ध दिशेनं येत होती, चूक तिची होती. उर्वीनं डाव्या हातानं सही केली, वाकडी. खाली साक्षीदार हवे होते.

"बाबूजी, आप कर दो एक," हवालदार म्हणाला.

दादांनी चष्मा घातला आणि सही केली. पूर्ण नाव, तारखेसकट.

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून माईंचा आवाज आला. माई कधी ओरडत नसत. त्या दिवशीही ओरडल्या नाहीत, पण शब्द सगळे कळले.

"तोंड शिवलं होतं का तुमचं?"

"अगं, सगळ्यांसमोर..."

"सगळ्यांसमोरच तर बोलायचं होतं. पोर तुमच्याकडे बघत होती, अवंतीनं सांगितलं मला."

"मी तिला वाचवायला शिकवलं होतं."

"ते मला ठाऊक आहे. तिलाही ठाऊक आहे. तिच्या बापाला आहे?"

"चौतीस वर्षं कमिटीवर होतो मी. लोक काय म्हणाले असते?"

पलीकडे ताट मांडल्याचा आवाज आला. मग माई म्हणाल्या, "जेवून घ्या."

प्लास्टर निघालं तरी उर्वीचा हात पुरता सरळ झाला नाही. लॅबनं दोन महिने वाट पाहिली आणि दुसऱ्या मुलीला घेतलं. बाबांनी तर तिच्या कामाचा विषयच बंद केला. तिनं काहीही विचारलं, की उत्तर एकच: "तुझी अक्कल पाहिली आम्ही." मैत्रिणीच्या लग्नाला उज्जैनला जाऊ? अक्कल पाहिली. पुन्हा कुठं अर्ज करू? अक्कल पाहिली. शेवटी त्यांनी तिला धारला आमच्या आत्याकडे, भवानीबाईंकडे, पाठवून दिलं. आत्याकडे लहान मुलांची शिकवणी चालायची, तिथं मदत कर म्हणाले. उर्वीनं कपडे भरले आणि गेली. दादा निरोपाला ओट्यावर आले, तिच्या डोक्यावर हात ठेवला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं. बाबा मागेच बॅग घेऊन उभे होते. "सांभाळून जा," एवढंच निघालं.

मग दादा दिसेनासे झाले. सकाळी नऊला जायचे, बाराला यायचे. मला वाटलं टेकडीवर देवीच्या दर्शनाला जातात. माई म्हणाल्या, "कुठलं दर्शन? जाऊन बघ." गेले. फर्निचरच्या दुकानासमोर, चहाच्या टपरीच्या बाकावर दादा बसले होते. मांडीवर वही. गल्लीतून गाडी निघाली की वहीत एक रेघ.

"काय करताय, दादा?"

"बस." त्यांनी वही माझ्याकडे वळवली. दोन रकाने होते. "चार दिवसांत दोनशे अकरा गाड्या डावीकडे वळल्या. त्यातल्या किती जणांनी निघायच्या आधी डावीकडे पाहिलं? नऊ. बाकी सगळे उजवीकडे बघत निघतात. चुकीचं नाही त्यांचं. गाड्या तिकडूनच येतात."

दादांनी वही मिटली.

"शॉपमध्ये फोर्कलिफ्ट सरळ येते, अवंती. गल्लीतून येत नाही. आणि माणूस पायी असतो. एक पाऊल बाजूला, संपलं. सायकल एका पावलात थांबत नाही. शिवाय समोरून येणारी गाडी आणि आपण, दोघांचा वेग एकमेकांवर येतो. मागून येणाऱ्याला आपण आधीपासून दिसतो, त्याला वेग कमी करायला वेळ असतो." ते कारखान्यातल्या आवाजात बोलत होते, अहवाल दिल्यासारखे. "नियम बरोबर होता. जागा चुकली. हे मला एका दिवसात कळलं असतं, इथं येऊन बसलो असतो तर. चौतीस वर्षांत एक दिवस नाही बसलो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी डावीकडून सायकल चालवायचा प्रयत्न केला. मी कॉलनीच्या फाटकाशी उभी राहून बघत होते. कडेपासून हातभर आत, सरळ रेषेत, अगदी पुस्तकात सांगतात तसं. मागून बस आली. बसनं हॉर्नही दिला नव्हता, लांबून वळसा घालून निघून गेली. तरी दादा उतरले, सायकल हातात धरून परत आले. शर्ट घामानं पाठीला चिकटला होता.

"मागून येतं ते अंगावरच येतंय असं वाटतं गं," ते म्हणाले. मग म्हणाले, "धारला येशील माझ्याबरोबर?"

ऑगस्टमध्ये आम्ही इंदूरला बस बदलून धारला गेलो. वाटेत दादांनी दोनदा विचारलं, "आधी तिला सांगू की आधी तुझ्या बाबांना फोन करू?" मी म्हटलं, "तुम्हाला काय वाटतं?"

आत्यानं दार उघडलं. तिच्या सासरी पूर्वी संस्थानच्या दफ्तरात कामं होती, अजून बोलणं तसंच.

"यावं. इतक्या दिवसांनी आठवण झाली म्हणायची."

"चुकलंच," दादा म्हणाले. आत्यानं ते पाहुण्याचं बोलणं समजून पाणी आणलं.

उर्वी आतून आली. केस कापून घेतले होते, एका हातानं वेणी जमत नाही म्हणून. दादांना वाकून नमस्कार केला. दादांनी तिला समोर बसवलं आणि घोटून पाठ केलेलं असावं तसं एका दमात बोलले.

"त्या दिवशी हवालदारानं विचारलं, कोणी शिकवलं. मी शिकवलं होतं. मी गप्प बसलो. वर सहीही केली. चूक माझी होती, तुझी नव्हती. शिकवण्याचीही आणि गप्प बसण्याचीही."

उर्वीनं बाही कोपराखाली ओढून घेतली.

"दादा, शिकवल्याचं मला काही वाटलं नाही. खरंच. तुम्ही मुद्दाम थोडंच केलं? मला वाटलं होतं तुम्ही एवढंच म्हणाल, 'मैंने सिखाया.' मग हवालदार तुम्हाला ओरडला असता, बाबा ओरडले असते, आणि आपण दोघं ओरडा खात बसलो असतो. मी मनातल्या मनात तयारी पण केली होती, की मी काय बोलणार तुमच्या बाजूनं." ती थांबली. "मग तुम्ही चष्मा पुसायला लागलात."

आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला.

"तुझ्या बाबांना आत्ता फोन करतो," दादा म्हणाले. "तुझ्यासमोर."

"करा." तिच्या आवाजात एवढा वेळ नव्हतं असं काहीतरी आलं. ती थोडी पुढे सरकली.

मी फोन लावून दिला, स्पीकरवर. दादांनी सगळं पुन्हा सांगितलं. गणोजीपासून. मैदान, शिट्टी, नियम, चौकी, सही.

पलीकडे गोदामात पोती उतरवल्याचा आवाज येत होता. बाबा म्हणाले, "दादा, जाऊ द्या ना आता. कशाला त्रास करून घेता या वयात?"

"योगेंद्र, नीट ऐक. पोरीची चूक नव्हती."

"अहो, कोणी का शिकवलं असेना. चालवत तर तीच होती ना? एकोणीस वर्षांची होती, काही लहान नाही. तुमचं काय, तुम्ही प्रेमानं शिकवलं असेल. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. जेवलात का? भवानीताईला म्हणावं, दादांना जेवल्याशिवाय सोडू नको." मग कोणाला तरी हिंदीत, "अरे उधर नहीं, इधर रख!" आणि फोन बंद.

दादांनी फोन माझ्याकडे परत दिला. त्यांना बोलणी खायची होती. बोलणी खायला ते इतक्या लांब आले होते. बाबांनी त्यांना एका मिनिटात माफ करून टाकलं, आणि उर्वी होती तिथंच राहिली.

"मी पुन्हा बोलतो त्याच्याशी. रविवारी घरी आला की समोर बसून..."

"बोला," उर्वी म्हणाली. ती पुन्हा मागे टेकून बसली होती. "पण दादा, फेब्रुवारीत त्यांनी ऐकलं असतं. तेव्हा ते अजून विचारत होते ना, कोण चुकलं म्हणून. आता त्यांचं ठरलंय."

जेवण झालं. आत्यानं आग्रह केला, दादांनी ताटातलं सगळं संपवलं, कशाची चव लागली असेल असं वाटत नाही. निघताना दादांनी विचारलं, "तिकडं लॅबमध्ये मी जाऊन बोलू? मी तुला पोहोचवायला येईन रोज. रिक्षानं. डावीकडून." शेवटचा शब्द त्यांनी थोडं हसून म्हटला.

उर्वीही थोडं हसली. "इथली मुलं बरी आहेत, दादा. वार्षिक परीक्षेपर्यंत तरी मी थांबते."

ती आम्हाला सोडायला निघाली. बसस्टँड मोठ्या रस्त्याच्या पलीकडे होतं. मांडूहून परतणाऱ्या पर्यटकांच्या गाड्या एकामागे एक येत होत्या. रस्त्याच्या कडेला आल्यावर उर्वी थांबली आणि माझा दंड तिनं घट्ट धरला. मला आधी कळलं नाही. मग कळलं, की ही माझी बहीण, जी शिट्टी वाजायच्या आत सायकल दामटायची, ती आता रस्ता ओलांडायला घाबरते.

"मी इथूनच, ताई," ती म्हणाली.

दादांनी ते पाहिलं. त्यांनी तिचा तो न सरळ होणारा हात दोन्ही हातांत घेतला, थोडा वेळ धरला, सोडला. काही शिकवलं नाही, काही सांगितलं नाही. आम्ही ओलांडून पलीकडे गेलो. मी वळून पाहिलं तेव्हा ती अजून तिथंच होती, गाड्यांच्या पलीकडे. दादांना म्हटलं, "हात करा तिला."

दादांनी हात वर केला. तेवढ्यात मध्ये ट्रक आला, मग दुसरा. ते गेले तेव्हा उर्वी आत्याच्या घराकडे वळली होती, भिंतीच्या बाजूनं, सावकाश. दादा हात तसाच वर धरून, ती दिसेनाशी होईपर्यंत उभे राहिले.